लिनक्स : बिऱ्हाड कीं घर?

(नभोवाणीवरून दिलेलें भाषण)



२०२५ सालची दिवाळी नुकतीच लागली होती. अकोल्याच्या आमच्या आळींतील एक गृहस्थ फराळाचें ताट घेऊन आले आणि निघतांना दारांतच थांबून त्यांनीं विचारलें, "गुरुजी, घरचं मशीन आता भंगारात द्या लागते काय?" यंत्र जुनें होतें, पण धडधाकट होतें. घडलें होतें एवढेंच कीं, १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० या प्रणालीची नित्याची डागडुजी तिच्या कंपनीनें थांबविली, आणि पुढची विंडोज ११ त्या यंत्रांत पाऊल ठेवावयास तयार नव्हती; तिला लागणारी सुरक्षेची चीप त्यांत नव्हती. मीं म्हटलें, "थांबा, अगोदर लिनक्स चालवून पाहूं." त्यावर ते चपापले. "पाहू म्हणजे? त्यात पोरीच्या लग्नाचे फोटो आहेत ना!"

त्या चपापण्याला एक इतिहास आहे, आणि तोच आज मला आपणांस सांगावयाचा आहे. लिनक्स नुसतें चालवून पाहणें ही एक गोष्ट. तें यंत्रांत बसविणें, ज्याला सर्वजण इन्स्टॉल करणें म्हणतात, ही दुसरी. बहुतेक लोक या दोहोंना एकाच जिन्याच्या पायऱ्या समजतात. माझ्या समजुतीप्रमाणें हे दोन निराळे जिने आहेत, आणि पहिला चढून गेलेला माणूस दुसऱ्याच्या पायथ्याशीं पुन्हा नवखाच असतो. हें मला उशिरां कळलें, आणि कांहीं गमावून कळलें.

संगणकाचा सारा कारभार पाहणारी जी मूळ योजना तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. हा कारभारी साधारणतः यंत्रांतील हार्ड डिस्कवर वस्ती करतो, आणि वीज मिळाली कीं तेथून उठून तात्पुरत्या स्मृतींत, म्हणजे रॅममध्यें, येऊन कामाला लागतो. लिनक्स हा असाच एक कारभारी. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा २१ वर्षांचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यानें २५ ऑगस्ट १९९१ रोजीं आपल्या या उद्योगाची वार्ता जगाला दिली. पुढच्याच वर्षीं त्यानें तो अशा परवान्याखालीं आणला कीं, कोणीहि वापरावा, उघडून पाहावा, बदलावा आणि दुसऱ्याला द्यावा. हा परवाना अमेरिकेंतील रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ पासून चालविलेल्या चळवळींतून निघालेला.

येथें एक मौज आहे. अगदीं आरंभीच्या दिवसांत लिनक्स दोन फ्लॉपींवरून चाले. एक यंत्राला जागें करी, दुसरी फाइलींचा संसार मांडी. तें हार्ड डिस्कवरून सुरू व्हावें अशी कोणाची इच्छा असली, तर डिस्कच्या अगदीं पहिल्या कप्प्यांतील आंकडे हातानें बदलावे लागत. नीट बसवितां येईल असा संच १९९२ सालीं मँचेस्टर विद्यापीठांतील ओवेन ल ब्लँक यांनीं काढला. स्लॅकवेअर आणि डेबियन हीं आजहि चालूं असलेलीं नांवें १९९३ सालचीं. म्हणजे इतिहासाच्या क्रमानें पाहिलें तर आधीं बिऱ्हाड आणि मागाहून घर. पुढें मात्र लिनक्सचा पसारा वाढला, तो फ्लॉपींत मावेना, आणि घर बांधल्याखेरीज त्याचें तोंडहि पाहतां येऊं नये अशी स्थिति आली.

याच सुमारास सीडी आली. एका सीडींत साधारण ६५० मेगाबाइट मजकूर बसतो, फ्लॉपींत १.४४. एका तबकडींत साडेचारशें फ्लॉपी! कॅलिफोर्नियांतील इग्ड्रासिल नांवाच्या मंडळीनें १९९२ सालींच सीडीवरील लिनक्स काढलें, आणि तें सीडीवरूनच चालवूनहि पाहतां येई. पण त्या काळच्या यंत्रांना सीडीवरून जागें होण्याची विद्या अवगत नव्हती. सुरुवातीस फ्लॉपीचा टेकू द्यावाच लागे. ही अडचण १९९५ सालीं 'एल् टोरिटो' नांवाच्या एका संकेतानें दूर केली. ज्या उपाहारगृहांत बसून त्याची आंखणी झाली त्याचेंच नांव त्या संकेतास दिलें, असें सांगतात.

आपल्याकडे सर्वसाधारण वाचकाच्या हातीं लिनक्स आलें तें १९९६ सालीं, 'पीसीक्वेस्ट' या इंग्रजी मासिकाबरोबर आलेल्या सीडीच्या रूपानें. त्या उपक्रमामागें अतुल चिटणीस (१९६२-२०१३) यांची खटपट होती. अशी एक सीडी मींहि अमरावतीस राजकमल चौकांत मासिकाबरोबर विकत घेतली, आणि खरें सांगावयाचें तर ती कित्येक वर्षें टेबलाच्या खणांत पडून राहिली. कारण त्या सीडीवरून फक्त इन्स्टॉल करतां येई. आणि इन्स्टॉल करणें म्हणजे काय, हें त्या काळच्या माणसाला विचारावें! अगोदर डिस्कचे हिस्से पाडावयाचे. एका हिश्शांत जुनी विंडोज, दुसऱ्यांत लिनक्स, तिसरा थोडा तात्पुरत्या स्मृतीच्या मदतीला. हिस्से पाडतांना एक आंकडा चुकला कीं जुनें सारें नाहीसें. मग पडदा सेकंदाला किती वेळां उजळतो तें सांगावयाचें. तेंहि चुकलें तर पडद्यालाच अपाय व्हावयाचा, अशी धास्ती पुस्तकांतूनच घातलेली असे. शेवटीं सर्व जमलें तरी टेलिफोनचें मोडेम बोलेना, तें नाहींच. ज्याच्या घरीं एकच यंत्र, आणि तेंहि हप्त्यानें घेतलेलें, त्यानें हा जुगार कां खेळावा?

या भीतीवर ज्या माणसानें खरा तोडगा काढला त्याचें नांव क्लाऊस क्नॉपर. फ्रान्समध्यें १९९८च्या सुमारास डेमोलिनक्स नांवाचा असाच प्रयत्न झाला होता. परंतु जर्मनींतील या विद्युत्-अभियंत्यानें २००० सालीं काढलेली 'क्नॉपिक्स' ही सीडी जगभर पसरली. सीडी घालावी, यंत्र सुरू करावें, आणि दोन-तीन मिनिटांत पुरें लिनक्स पडद्यावर हजर. ध्वनि, जाळें, पडदा, सर्व कांहीं तिनें आपलें आपण ओळखावें. सीडी काढून यंत्र पुन्हा सुरू केलें कीं जुनी विंडोज जशीच्या तशी.

ही किमया कशी साधते? शाळेंत भूगोल शिकवितांना आम्ही नकाशावर ट्रेसिंगचा पातळ कागद ठेवीत असूं. मुलांनीं त्या कागदावर नद्या काढाव्या, गांवें मांडावीं, खोडावीं. खालचा नकाशा कोराच. सीडी हा तसा छापील नकाशा. तिच्यावर कांहींच लिहितां येत नाहीं. म्हणून वापरणारा जो जो बदल करील तो तो रॅममधील एका पातळ थरावर टिपला जातो, आणि पडद्यावर दोहोंचें मिळून एकच चित्र दिसतें. वीज बंद झाली कीं वरचा कागद फाटला. दुसरी युक्ति दाबून भरण्याची: सुमारें दोन गिगाबाइटांचा ऐवज दाबून ७०० मेगाबाइटांच्या तबकडींत भरलेला असतो आणि लागेल तेवढाच वेळोवेळीं उलगडला जातो. म्हणूनच लाइव्ह सीडी सावकाश चालते. तिच्या मंदपणावरून लिनक्सची परीक्षा करणारे पुष्कळ भेटले. त्यांनीं परीक्षा केली ती सीडी फिरविणाऱ्या चक्राची.

आणि हार्ड डिस्क? ती आपल्या जागीं निवांत असते. मुद्दाम सांगितल्याखेरीज लाइव्ह सीडी तिच्यावर लिहीत नाहीं. वऱ्हाडच्या माणसाला ही व्यवस्था परकी वाटूं नये. १८५३च्या तहानें निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं केला. कारभार इंग्रजांचा, स्वामित्व निजामाचें. १९०२ सालीं तोच प्रांत सालीना २५ लाख रुपये खंडानें कायमच्या पट्ट्यावर गेला, आणि १९३६ सालीं निजामाच्या युवराजास 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी मिळाली तरी अमरावती-अकोल्याच्या कचेऱ्यांत फरक पडला नाहीं. ताबा एकाचा आणि मालकी दुसऱ्याची, हा संसार आमच्या आजा-पणजांनीं शंभराला सहा कमी इतकीं वर्षें पाहिला. उपमा पुरती जुळत नाहीं, हें मी जाणतों. सीडी कळ दाबतांच बाहेर येते.

२००४ सालच्या ऑक्टोबरांत दक्षिण आफ्रिकेच्या मार्क शटलवर्थ यांनीं उबुंटू काढलें आणि मागेल त्याला सीडी टपालानें फुकट पाठविण्याचा परिपाठ ठेवला. सायबर कॅफेंत बसून मीं नांव-पत्ता नोंदविला, आणि कांहीं आठवड्यांनीं पाकीट घरीं आलें. आंत कागदी वेष्टनांत दोन सीडी शेजारीं-शेजारीं: एक नुसती चालवून पाहण्याची, एक बसविण्याची. माझ्या विषयाचें याहून स्पष्ट चित्र मला दुसरें ठाऊक नाहीं. जून २००६च्या आवृत्तीपासून या दोन्ही एक झाल्या. चालवून पाहतां पाहतां पडद्यावरच्याच एका चिन्हावर टिचकी मारावी कीं बसविण्याचें काम सुरू. सोय मोठी झाली, यांत शंका नाहीं. पण दोन जिन्यांमधली भिंत त्या दिवशीं पडद्यावरून पुसली गेली, आणि माझ्यासारखा गाफील माणूस त्यांतच फसला.

त्या वेळीं मी अमरावतीच्या एका शाळेंत शिकवीत होतों. शाळेच्या संगणकांत शिक्षकांनीं कांहीं बदल करूं नये असा दंडक होता. लाइव्ह सीडी तेथें फार उपयोगीं पडली. तास सुरू होतांना सीडी आंत, घंटा होतांच बाहेर. यंत्र होतें तसें. प्रत्येक नव्या सीडीवर मी पहिला शब्द टाइप करी तो 'वऱ्हाड'. यांतला अर्धा 'र' हा मराठीचा खास दागिना. हिंदीला तो लागत नाहीं, म्हणून परक्या कारागिरांच्या तो लक्षांतहि येत नाहीं. युनिकोड या सर्वमान्य संकेतांत त्याची सोय आहे, पण पुष्कळशा जुन्या सीडींवर तो रफार होऊन 'ह'च्या डोक्यावर चढून बसे. आमच्या प्रांताचें नांवच त्यांना लिहितां येईना! रेड हॅट कंपनीच्या पुण्यांतील मंडळींनीं जोपासलेले 'लोहित' टाइप पुढें बऱ्याच सीडींवर येऊं लागले, आणि एके दिवशीं 'वऱ्हाड' नीट उमटला. मुलांना त्याचें कांहीं वाटलें नाहीं. मी मात्र त्या संध्याकाळीं ठरविलें कीं, आतां घरच्या यंत्रांत लिनक्स बसवावयाचेंच.

घरच्या यंत्रांत माझा एक जुना संग्रह होता. शेतीचे आणि घरकामाचे वऱ्हाडी शब्द मी तरुणपणापासून टिपून ठेवीत आलों होतों. पऱ्हाटी, वावर, तिफण, डवरा असे सर्वांस ठाऊक असलेले, आणि कित्येक असे कीं जे मला फक्त माझ्या आत्याच्या तोंडून मिळाले. एकेका अक्षराची एकेक फाइल केली होती. टाइप करून झाल्यावर वह्या रद्दींत घातल्या. प्रत दुसरीकडे ठेवावी हें मी वर्गांत मुलांना सांगत असें.

२००८ सालचा उन्हाळा. भारनियमनाचे ते दिवस आपणांपैकीं अनेकांस आठवत असतील. सुटींत अकोल्यास घरीं आलों आणि एका दुपारीं सीडी घालून इन्स्टॉलच्या चिन्हावर टिचकी मारली. दोन वर्षें तीच सीडी, तोच पडदा, तीच चित्रें. कांहीं बिघडलें तर सीडी काढून घ्यावी कीं सर्व पूर्ववत्, ही संवय अंगवळणीं पडलेली. विंडोजचा हिस्सा आकसून लिनक्सला जागा करण्याचें काम अर्ध्यावर आलें असेल नसेल, तोंच स्वयंपाकघरांतून आवाज आला, "लाइन गेली!" यूपीएसची बॅटरी निकामी होती. तें मला ठाऊकहि होतें. वीज आल्यावर यंत्राला ना विंडोज सांपडेना, ना लिनक्स.

बडनेऱ्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकणारा माझा एक जुना विद्यार्थी दुसऱ्या दिवशीं आला. त्यानें डिस्कला हात लावण्यापूर्वीं बॅगेंतून काय काढावें? क्नॉपिक्सची लाइव्ह सीडी! जो कारभारी डिस्कवर राहत नाहीं, त्याला डिस्क कोसळली तरी इजा नाहीं. तो बाहेर उभा राहून ढिगारा उपसूं शकतो. ख्रिस्तॉफ ग्रेनिए या फ्रेंच गृहस्थांनीं रचलेलें फोटोरेक नांवाचें साधन त्यानें चालविलें. तें डिस्कवरील याद्या वाचीतच नाहीं, कारण याद्याच नाहींशा झालेल्या असतात. तें डिस्क आरंभापासून चाळतें आणि फाइलींच्या तोंडावळ्यावरून एकेक ओळखून बाहेर काढतें. जें निघेल तें दुसऱ्या डिस्कवर ठेवावें लागतें. तीहि त्यानेंच आणली होती. रात्रभर काम चाललें. सकाळीं हजारों फाइली परत आल्या होत्या, पण एकीलाहि नांव नव्हतें, नुसते आंकडे. त्यांतून माझी टिपणें युनिकोडच्या आधींच्या टाइपांत लिहिलेलीं. तो टाइप लाइव्ह सीडीवर नसल्यामुळें उघडावें तें रोमन अक्षरांची खिचडी. दुसऱ्याच्या यंत्रावर बसून ती खिचडी निवडतां निवडतां पावसाळा गेला. 'अ'पासून 'म'पर्यंतच्या फाइली मिळाल्या. 'य'पासून पुढच्या कधींच मिळाल्या नाहींत. 'वावर' कोणीहि सांगेल. आत्याचे शब्द आतां कोणाला विचारावे? ती १९९९ सालींच गेली होती.

यानंतर मीं लिनक्स टाकलें नाहीं. त्याच यंत्रांत, रिकाम्या झालेल्या डिस्कवर, तेंच बसविलें आणि पुढें आठ वर्षें वापरलें. पण लाइव्ह सीडीकडे मी उंबरठा म्हणून पाहावयाचें सोडलें. ती स्वतंत्र वस्तु आहे. २००९ सालापासूनच्या 'टेल्स' या प्रकाराकडे पाहा. मागें कसलाहि माग राहूं नये, याच हेतूनें तो रचला आहे. २०१३ सालीं एडवर्ड स्नोडेन प्रकरणांत तो पत्रकारांच्या कामीं आला. जें माझ्या दृष्टीनें न्यून, तेंच त्यांचें कवच. क्नॉपर यांनीं पुढें आपल्या दृष्टिहीन पत्नीच्या साहाय्यानें सीडींत वाचून दाखविणारी व्यवस्था घातली आणि तिला पत्नीचेंच नांव दिलें. 'एड्रियान' म्हणतात तिला. अंध माणसानें सीडी खिशांत घालून कोणाच्याहि यंत्रावर बसावें आणि तें यंत्र त्याच्याशीं बोलावें.

उलट, बसविण्याचीं मोठीं कामें जेथें तडीस गेलीं तेथें तीं चालवून पाहिल्यानें गेलीं असें मला दिसत नाहीं. केरळांतील शाळांत लिनक्स घराघरांत रुजल्यासारखें रुजलें, तें सरकारनें ठरवून, शिक्षकांना शिकवून, यंत्रांत बसविलें म्हणून. आपल्याकडे सी-डॅकनें २००७ सालीं 'बॉस' नांवाचें भारतीय भाषांतील लिनक्स काढलें; त्याच्या सीडी मीं पाहिल्या पुष्कळ, तें बसविलेलीं यंत्रें मात्र थोडीं. आणि बसविलें म्हणजे कायमचें झालें असेंहि नाहीं: जर्मनींतील म्युनिक नगरीनें हजारों यंत्रांवर लिनक्स आणून २०१३ सालीं तें काम पुरें झाल्याचें सांगितलें, आणि २०१७ सालीं पुन्हा विंडोजकडे जाण्याचा ठराव केला.

सीडी तर आतां गेलीच. फुकट सीडी पाठविण्याचा उबुंटूचा परिपाठ २०११ सालीं बंद पडला, आणि ऑक्टोबर २०१२च्या आवृत्तीपासून त्याचा पसारा सीडींत मावेनासा झाला. आज सर्व कांहीं पेन ड्राइव्हवर चालतें. त्यावर लिहितांहि येतें. म्हणून थोडी जागा राखून ठेवली तर केलेले बदल टिकतात, आणि बिऱ्हाडकरूला एक कुलपाचा कप्पा मिळाल्यासारखें होतें. मला ही मधली वाट बरी वाटते, जरी पेन ड्राइव्ह हरवण्यांत माझा हातखंडा आहे.

तर त्या शेजाऱ्यांच्या यंत्राचें. भाऊबीज आटोपल्यावर मी पेन ड्राइव्ह घेऊन त्यांच्याकडे गेलों. तीन दिवस तसेंच चालविलें. छपाईयंत्र चाललें, आवाज पहिल्या दिवशीं येईना, मग आला. फोटो डिस्कवर जसेच्या तसे दिसत होते, हें त्यांनीं स्वतः दहादां उघडून पाहिलें. चौथ्या दिवशीं ते म्हणाले, "आता टाकूनच द्या." मीं नकार दिला. अगोदर सर्व फोटोंच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या डिस्कांवर करून घेतल्या, एक त्यांच्या कपाटांत आणि एक त्यांच्या मुलीकडे अमरावतीस पाठविली, आणि ती पोंचून उघडल्याचा फोन आल्यावर, रविवारीं सकाळीं, इन्व्हर्टर भरलेला आहे हें पाहून, बसविण्यास आरंभ केला. अर्ध्या तासांत काम झालें. यंत्र नव्यानें सुरू झालें, पडदा उजळला, आणि मीं संवयीनें लिहिण्याची खिडकी उघडून 'पऱ्हाटी' हा शब्द टाइप केला. अर्धा 'र' आपल्या जागीं होता.

"ते राहू द्या गुरुजी," गृहस्थ मागून म्हणाले, "आधी फोटो दाखवा."